एमएसवर नीट चालणारं वेल्डिंग मशीन एसएस, ॲल्युमिनियम आणि ईएन-१९ वर का अडतं : लक्षणं, कारणं आणि मशीनची निवड

एमएसचं (साध्या पोलादाचं) काम वर्षानुवर्षं बिनबोभाट चालू असतं. ग्रिल, शेड, गेट, ट्रॉली, सगळं निघतं. मग एसएसच्या (स्टेनलेस स्टीलच्या) टाकीचं काम येतं, ॲल्युमिनियमचं गिअर हाउसिंग येतं किंवा ईएन-१९ या क्रोम-मोली (क्रोमियम-मॉलिब्डेनम) पोलादाचा शाफ्ट येतो. मशीन तेच, कारागीर तोच, पण वेल्ड काळा पडतो, छिद्रं येतात, नाहीतर दुसऱ्या दिवशी तडा दिसतो. यावर सहसा काढला जाणारा तोडगा म्हणजे जास्त अँपिअरचं मशीन. २०० चं होतं, ४०० चं आणलं. त्रास जागेवरच राहतो.

मिश्रधातूंच्या कामात अँपिअर हा तिसरा प्रश्न आहे. पहिला प्रश्न, त्या धातूला करंट कोणता लागतो: एसी की डीसी. दुसरा, गॅस आणि फिलर (जोडात वितळवून भरायची तार) कोणता. आणि तिसरा, तुमच्या लाइटवर ते मशीन किती अँपिअर किती वेळ देऊ शकतं. दुकानात मात्र बोलणं थेट तिसऱ्यापासून सुरू होतं, तेही अर्धंच, कारण "किती वेळ" हे कोणी विचारत नाही.

आधी धातू कोणता ते पक्कं करा

ग्राहक "एसएस आहे" म्हणाला म्हणून रॉड लावायचा नसतो. ३०४ आणि ३१६ ला चुंबक धरत नाही (वाकवलेल्या कोपऱ्यावर किंचित ओढ लागते), ४०९ आणि ४३० ला धरतो. पण रेलिंगसाठी विकला जाणारा २०२ किंवा जे-४ चा पाइप, त्यालाही चुंबक धरत नाही. त्यामुळे चुंबकाने ३०४ आणि २०२ वेगळे काढता येत नाहीत. रेलिंगला फारसा फरक पडत नाही. दुधाची, औषधाची किंवा वाइनची टाकी असेल तर मात्र मिलचं टेस्ट सर्टिफिकेट मागा, किंवा छोटा तुकडा लॅबमध्ये देऊन स्पेक्ट्रो (धातूत काय किती आहे ती चाचणी) करून घ्या. शाफ्टचंही तेच. ईएन-८, ईएन-१९ आणि ईएन-२४ डोळ्यांना सारखेच दिसतात, वेल्डिंगला अजिबात सारखे नाहीत.

ॲल्युमिनियममध्ये खिडक्यांचं सेक्शन बहुधा ६०६३ असतं, स्ट्रक्चरला ६०६१, टँकर आणि बोटींना ५०८३ सारखी मॅग्नेशियमवाली प्लेट. ७०७५ किंवा २०२४ असल्याचं कळलं तर काम सरळ परत पाठवा. ते कोणत्याही आर्क मशीनवर तडकतात, लाखाचं मशीन आणलं तरी.

ॲल्युमिनियम : डबकं होत नाही, एकदम होल पडतं

सगळ्यात जास्त गोंधळ इथेच होतो, म्हणून जरा सविस्तर.

लक्षण असं: आर्गन मशीनची टॉर्च धरली तरी वितळलेल्या धातूचं डबकं होत नाही, वरची कातडी राखाडी, सुरकुतलेली राहते, फिलर आत मिसळत नाही, नुसते गोळे बसतात. करंट वाढवला की काही क्षण काहीच होत नाही आणि मग अख्खा तुकडा खाली गळतो.

कारण ऑक्साइड. ॲल्युमिनियम ६६० अंश सेल्सिअसला वितळतं, त्याच्यावरचा ऑक्साइडचा थर सुमारे २०५० अंशांना. म्हणजे आतला धातू पाणी झालेला असतो आणि वर दुधावरच्या सायीसारखी न वितळलेली चादर असते. ही चादर फोडायला करंटची दिशा उलटावी लागते. टंगस्टन (टॉर्चमधली सळी, जिच्यातून आर्क निघतो) पॉझिटिव्ह असताना ऑक्साइड फुटतो, टंगस्टन निगेटिव्ह असताना उष्णता जॉबमध्ये (जोडायच्या तुकड्यात) जाते. एसी करंट ही दोन्ही कामं आळीपाळीने करतो. कायमचं डीसी पॉझिटिव्ह ठेवलं तर सफाई उत्तम होते, पण उष्णतेचा मोठा भाग टंगस्टनवर येतो आणि त्याचं टोकच वितळून जॉबमध्ये पडतं.

म्हणून पहिला उपाय म्हणजे मशीनची पुढची पट्टी बघणं. "टीआयजी २००" एवढंच लिहिलेलं आर्गन मशीन बहुतेक वेळा फक्त डीसी असतं. एसी/डीसी निवडायचं बटण, एसी फ्रीक्वेन्सी आणि बॅलन्स (काहींवर "क्लीनिंग" लिहितात) हे नसेल तर ते ॲल्युमिनियमचं मशीन नाही. सेटिंग बदलून, टंगस्टन बदलून, आर्गन वाढवून काहीही होणार नाही.

एसी/डीसी मशीन असूनही त्रास होत असेल तर या क्रमाने बघा.

बॅलन्स: सुरुवातीला टंगस्टन निगेटिव्हचा वाटा ७० टक्के ठेवा. इथे एक फसवी गोष्ट आहे. काही मशीनवर नॉबचा आकडा निगेटिव्हचा असतो, काहींवर पॉझिटिव्हचा. म्हणजे एकावर ७० आणि दुसऱ्यावर ३० हे एकच सेटिंग. मॅन्युअल नसेल तर भंगारातल्या पट्टीवर दोन्ही टोकांना एकेक टाका मारून बघा. ज्या बाजूला टंगस्टनच्या टोकाचा मोठा गोळा होतो आणि वेल्डशेजारी रुंद पांढरा पट्टा उठतो, ती जास्त सफाईची बाजू. वेल्डच्या कडेला दोन-तीन मिमी पांढरा पट्टा पुरेसा आहे.

फ्रीक्वेन्सी: पातळ पत्रा आणि कोपऱ्याचे जोड ९० ते १२० हर्ट्झ, जाड प्लेट आणि ढलाई ६० ते ८०. आकडा वाढवला की आर्क बारीक होतो, आवाज चिरका होतो.

टंगस्टन: इन्व्हर्टर मशीनवर हिरव्या पट्टीचं शुद्ध टंगस्टन वापरू नका, ते जुन्या ट्रान्सफॉर्मरवाल्या आर्गन सेटसाठी होतं. निळ्या पट्टीचं २ टक्के लँथनम एसी आणि डीसी दोन्हींना चालतं. लाल पट्टीच्या टंगस्टनमध्ये थोरियम असतं, ते किंचित किरणोत्सारी आहे आणि धार लावताना त्याची धूळ छातीत जाते. निळं मिळत असताना लाल घेण्याचं काही कारण उरलेलं नाही.

करंट: जाडीच्या दर मिमीला सुमारे ४० अँपिअर हा ढोबळ हिशोब. ३ मिमीला ११० ते १३०, ६ मिमीला २०० च्या वर. सिंगल फेजचं २०० अँपिअरचं एसी/डीसी मशीन त्यामुळे ५ मिमीपर्यंत सुखाने चालतं. त्यावरच्या प्लेटला जॉब १०० अंशांपर्यंत गरम करून घेतला तर थोडं पुढे जाता येतं. १२० च्या वर नेऊ नका, ६०६१ ची ताकद उतरते. ८-१० मिमीची नियमित कामं असतील तर थ्री फेज, ३०० अँपिअरच्या पुढचं मशीन आणि पाण्यावर थंड होणारी टॉर्च. टॉर्च विसरली जाते. हवेवर थंड होणाऱ्या १७ नंबरच्या टॉर्चवर लिहिलेले १५० अँपिअर डीसीचे असतात, एसीवर ते आणखी कमी होतात. हँडल हातात धरवत नसेल तर टॉर्च छोटी पडते आहे.

मशीन बरोबर, सेटिंग बरोबर, तरी वेल्डमध्ये सुईच्या टोकाएवढी छिद्रं येत असतील तर ते हायड्रोजनचं काम आहे. वितळलेलं ॲल्युमिनियम हायड्रोजन भरपूर शोषतं आणि गोठताना सोडून देतं. हायड्रोजन येतो तेलातून आणि ओलाव्यातून. कोकणात पावसाळ्यात उघडी ठेवलेली फिलर वायर महिन्याभरात मातकट होते, ती फेकलेलीच बरी. सफाईचा क्रमही महत्त्वाचा: आधी ॲसिटोनने तेल काढायचं, मग एसएसच्या ब्रशने घासायचं. उलटं केलं तर ब्रश तेल धातूत चोळतो. तो ब्रश ॲल्युमिनियमसाठीच राखून ठेवा. ब्रेक क्लीनर वापरू नका. क्लोरीनवाला असेल तर आर्कच्या किरणांनी त्यातून फॉस्जिन हा जीवघेणा वायू तयार होतो.

तेलात मुरलेलं गिअर हाउसिंग असेल तर एकदा पुसून भागत नाही. गॅसच्या ज्योतीने हळूहळू गरम करा, तेल वर येईल, पुसा. पुन्हा गरम करा, पुन्हा पुसा. फडकं कोरडं निघेपर्यंत.

आणि शेवटी तडा. ६०६१ किंवा ६०६३ फिलर न घालता नुसतं वितळवून जोडलं की मधोमध तडा जातोच. ४०४३ (५ टक्के सिलिकॉन) किंवा ५३५६ (५ टक्के मॅग्नेशियम) घाला. ढलाईला ४०४३. ५३५६ जास्त ताकदीचं आहे, पण जो जोड कायम ६५ अंशांच्या वर तापतो तिथे ते नको. ॲनोडायझिंग होणार असेल तर ४०४३ काळपट दिसतं, तिथे ५३५६ घ्या. तडा वेल्डच्या टोकालाच, खड्ड्यात येत असेल तर फिलर नव्हे, डाउनस्लोप (शेवटी करंट हळूहळू उतरवणं) कारण आहे: ३ ते ५ सेकंद ठेवा आणि खड्डा भरून बाहेर पडा.

सीओटू मशीनवर (वायर आपोआप पुढे येणाऱ्या एमआयजी मशीनवर) ॲल्युमिनियम करता येईल का, हे हमखास विचारलं जातं. मशीन चालेल, सीओटू गॅस चालणार नाही. १०० टक्के आर्गन लागतो. सोबत यू आकाराच्या खाचेचे रोलर, टेफ्लॉन लाइनर, ॲल्युमिनियमची म्हणून मिळणारी जरा सैल कॉन्टॅक्ट टिप आणि शक्यतो स्पूल गन (वायरचं रीळ टॉर्चवरच असलेली). तीन-चार मीटरच्या साध्या टॉर्चमधून मऊ वायर ढकलली की ती रोलरपाशी गुंता करते. टॉर्च पुढे ढकलत न्यायची, ओढायची नाही. ओढली की वेल्डवर काजळी बसते.

एसएस : काळा वेल्ड, वेडावाकडा पत्रा, दोन महिन्यांत गंज

एसएसला डीसी लागतो आणि साधं डीसी आर्गन मशीनही चालतं. इथे चूक बहुधा उष्णतेची किंवा गॅसची असते.

३०४ मधून उष्णता एमएसच्या साधारण एक-तृतीयांश वेगाने वाहते आणि तापल्यावर ते दीडपट फुगतं. म्हणजे उष्णता जोडापाशीच साठते आणि पत्रा बोटीसारखा वर येतो. करंट कमी करून फिरणाऱ्यापेक्षा करंट ठीक ठेवून वेगाने फिरणारा कारागीर एसएसला बरा. जाडीच्या मिमीला ३० ते ३५ अँपिअर. १ मिमी पत्र्यावर पल्स (करंट आळीपाळीने वर-खाली होणं) असलेलं मशीन खरोखर उपयोगी पडतं: वरचा करंट ६०-७०, खालचा २०, सेकंदाला एक-दोन पल्स. दोन पासच्या (वेल्डच्या थरांच्या) मध्ये जॉब १५० अंशांच्या खाली येऊ द्या.

वेल्डचा रंग बघा. चंदेरी किंवा फिकट पिवळा चांगला. निळा म्हणजे गॅस कमी किंवा उष्णता जास्त. करडा-काळा आणि खरबरीत म्हणजे क्रोमियम जळालं. तिथे गंज येणारच. बफिंगने चमक येते, क्रोमियम परत येत नाही.

रंग बिघडला की बाटलीवर संशय घेण्याआधी पंखा बंद करा. छताचा पंखा आर्गन उडवून लावतो. मग फ्लो बघा: ८ ते १० लिटर प्रति मिनिट. २० करून जास्त संरक्षण मिळत नाही, उलट वायू गरगरतो आणि हवा आत ओढतो. मग पोस्टफ्लो (आर्क विझल्यावर चालू राहणारा गॅस): दर १० अँपिअरला सुमारे एक सेकंद. वेल्ड संपताच टॉर्च उचलायची सवय असेल तर शेवटचा टाका कायम काळाच दिसेल.

पाइपच्या आतल्या बाजूला दाणेदार काळी साखर जमली असेल तर आतून आर्गन भरलेला नव्हता. दोन इंची पाइपच्या एक मीटर तुकड्यात सुमारे २ लिटर हवा असते. ती दहा वेळा बदलायची म्हणजे २० लिटर आर्गन, ८ लिटरच्या फ्लोला अडीच-तीन मिनिटं. आर्गन हवेपेक्षा जड, म्हणून आत खालून सोडायचा आणि वरून छोट्या भोकातून हवा बाहेर जाऊ द्यायची. ते भोक बुजवलं तर दाब वाढून शेवटचा टाका बाहेर फुगतो. बंद टाकीत शिरून हे काम करत असाल तर तो आर्गन तुमच्याही नाकातोंडातली हवा बाजूला सारतो. वास येत नाही, गुदमरल्याची जाणीवही होत नाही. बाहेर माणूस उभा हवाच.

दोन महिन्यांनी गंज येण्याचं आणखी एक कारण म्हणजे ४२५ ते ८५० अंशांच्या पट्ट्यात जास्त वेळ घालवणं. तिथे क्रोमियम कार्बनशी जोडलं जातं आणि वेल्डच्या कडेने समांतर रेघेत गंज धरतो. उपाय मशीनमध्ये नाही, मालात आहे: ३०४ एल किंवा ३१६ एल घ्या (कार्बन ०.०३ टक्क्यांपर्यंतच), फिलर ३०८ एल किंवा ३१६ एल. एसएस एमएसला जोडायचं असेल तर ३०९ एल. तिथे एमएसची वायर वापरली की वेल्ड ठिसूळ होतो. जीआयला (जस्ताचा थर दिलेल्या पोलादाला) जोडायचं असेल तर जस्त आधी पूर्ण घासून काढा. वितळलेलं जस्त एसएसच्या कणांमध्ये शिरून त्याला तडे पाडतं.

आता सीओटूवाल्यांसाठी. एमएसची शुद्ध सीओटूची बाटली तशीच ठेवून एसएसची सॉलिड वायर चालवली की ठिणग्या उडतात, वेल्ड काळा होतो आणि त्यात कार्बन वाढतो, म्हणजे "एल" ग्रेडला दिलेले पैसे वाया. ९८ टक्के आर्गन आणि २ टक्के सीओटूचं मिश्रण घ्या. ती बाटली गावात मिळत नसेल तर एक चांगला मार्ग फारसा कोणी सांगत नाही: एसएसची फ्लक्स कोअर वायर (आत रक्षक पूड भरलेली), ३०८ एल टी१-१, शुद्ध सीओटूवर चालण्यासाठीच बनवलेली असते. तेच मशीन, तीच बाटली, फक्त वायर १.२ मिमीची आणि रोलर खरबरीत खाचेचे. स्लॅग (वेल्डवरची कडक पापडी) काढावा लागतो एवढंच.

रॉडने करत असाल आणि एसएसचा रॉड अर्ध्यावर लालभडक होऊन त्याचा थर गळत असेल तर करंट एमएसच्या सवयीने लावला आहे. एसएसच्या तारेचा विद्युतरोध एमएसच्या कितीतरी पट जास्त असतो, ती स्वतःच तापते. १० नंबरच्या (३.१५ मिमी) रॉडला एमएसवर ११०-१२० लावत असाल तर इथे ८०-९०. आर्क सारखा तुटत असेल तर रॉडच्या नावाचं शेवट बघा. "-१६" एसीवर चालतो, पण ट्रान्सफॉर्मरचं रिकामं (आर्क नसतानाचं) व्होल्टेज ७० च्या आसपास हवं. स्वस्त सेटवर ते ५० असतं. "-१५" फक्त डीसीवर चालतो, तोही रॉड पॉझिटिव्हला.

ईएन-१९, ईएन-२४ आणि क्रोम-मोली : वेल्ड सुंदर, दुसऱ्या दिवशी तडा

इथे मशीनचा दोष सगळ्यात कमी आणि मशीनवर राग सगळ्यात जास्त.

कार्बन इक्विव्हॅलंटचा (तडा जाण्याचा धोका दाखवणाऱ्या आकड्याचा) हिशोब करून बघा: कार्बन, अधिक मँगनीजचा सहावा भाग, अधिक क्रोम-मोली-व्हॅनेडियमच्या बेरजेचा पाचवा भाग, अधिक निकेल-कॉपरच्या बेरजेचा पंधरावा भाग. ईएन-१९ साठी: ०.४० + ०.११ + ०.२७ = ०.७८. ईएन-२४ साठी सुमारे ०.९०. आकडा ०.४५ च्या वर गेला की प्रीहीटशिवाय (आधी गरम केल्याशिवाय) हात लावायचा नाही. थंड शाफ्टवर वेल्ड मारला की शेजारचा पट्टा क्षणात थंड होऊन काचेसारखा कडक होतो आणि रॉडच्या ओलाव्यातून आलेला हायड्रोजन त्यात अडकतो. तो तासातासाने सरकत तडा उघडतो. म्हणून संध्याकाळी चांगला दिसलेला वेल्ड सकाळी फुटलेला असतो. तपासणी ४८ तासांनी करा, डायपेनिट्रंट (बारीक तडे दाखवणारा रंग) मारून. लगेच केलेली तपासणी इथे फसवते.

काय करायचं: शाफ्ट २५० ते ३०० अंशांपर्यंत गरम करा, सगळीकडून, नुसता जोड नव्हे. तापमान ठरावीक अंशांना वितळणाऱ्या खडूने बघा. इन्फ्रारेड गन चकचकीत पोलादावर कमी आकडा दाखवते, त्यामुळे तिच्या भरवशावर राहिलात तर शाफ्ट जास्त तापेल. रॉड लो हायड्रोजन, ७०१८ किंवा ताकद हवी असेल तर त्यावरचा. पाकीट उघडून दोन दिवस झालेला ७०१८ म्हणजे लो हायड्रोजन नव्हे; ओव्हनमध्ये ३०० ते ३५० अंशांवर एक-दोन तास भाजा आणि वापरेपर्यंत १०० च्या वर ठेवा. वेल्ड झाला की चुन्यात, राखेत किंवा सिरॅमिक ब्लँकेटमध्ये गुंडाळून रात्रभर सावकाश निवू द्या. प्रीहीट शक्यच नसेल तर ३१२ चा (एसएसचा) रॉड तात्पुरती मदत करतो, पण ती मलमपट्टी आहे. कीवेपाशी (चावीच्या खाचेपाशी) पिळून तुटलेला शाफ्ट जोडण्यापेक्षा नवा घडवणं स्वस्त पडतं, हे ग्राहकाला आधीच सांगितलेलं बरं.

क्रशरच्या जॉचा (दगड फोडणाऱ्या जबड्याचा) मँगनीज पोलाद (११ ते १४ टक्के मँगनीज) याच्या अगदी उलट. तिथे प्रीहीट केलं की ठिसूळ होतो. छोटे टाके, थांबत थांबत, जॉब २५० अंशांच्या आत.

बॉयलरचे पी-२२, पी-९१ क्रोम-मोली पाइप हे मंजूर वेल्डिंग प्रोसिजरशिवाय करायचं काम नाही. पी-९१ ला २०० अंशांच्या वर प्रीहीट, आतून आर्गन आणि नंतर ७६० अंशांच्या आसपास स्ट्रेस रिलीव्हिंग (आतला ताण घालवण्यासाठी पुन्हा तापवणं) लागतं. मशीन म्हणून मात्र साधं चांगलं डीसी इन्व्हर्टर पुरतं: रूट (तळचा पहिला पास) आर्गनने, वरचे पास रॉडने.

या सगळ्या कामांसाठी मशीनमध्ये एवढंच बघा: डीसी, आर्क फोर्सचा (आर्क आखूड झाला की करंट वाढवणारा) वेगळा नॉब आणि हॉट स्टार्ट (पेटताना क्षणभर जास्त करंट). ७०१८ चिकटत असेल तर आर्क फोर्स वाढवा. मशीनला व्हीआरडी असेल आणि रॉड पेटायलाच कुरकुर करत असेल तर व्हीआरडीने रिकामं व्होल्टेज पाडलेलं असतं. ती सोय शॉक टाळण्यासाठी आहे, ओल्या जागेत बंद करू नका.

करंट कमी पडतो आहे, की पोहोचतच नाही?

मशीन बदलण्याआधी हे मोजा. मशीन रॉड मोडवर ठेवा. आर्गन मोडवर हाय फ्रीक्वेन्सी स्टार्ट (टंगस्टन न टेकवता आर्क पेटवणारी सोय) मल्टिमीटर जाळतो, म्हणून आर्गनवर मीटर लावायचाच नाही. १५० अँपिअरवर वेल्ड चालू असताना मशीनच्या अर्थ टर्मिनलपासून जॉबपर्यंत आणि होल्डरच्या टर्मिनलपासून होल्डरच्या जबड्यापर्यंत किती व्होल्ट पडतात ते बघा. ३५ चौरस मिमीच्या तांब्याच्या, येणं-जाणं मिळून २० मीटर केबलवर दीड व्होल्टच्या आसपास पडायला हवेत. बेरीज तीनच्या वर गेली तर दोष अर्थ क्लॅम्पमध्ये, सैल लगमध्ये (केबलच्या टोकाच्या जोडणीत), किंवा तांबं म्हणून विकलेल्या ॲल्युमिनियमच्या केबलमध्ये.

मग इनपुट. २०० अँपिअर रॉडवर म्हणजे २८ व्होल्ट, ५.६ किलोवॅट. मशीनची कार्यक्षमता ८५ टक्के आणि पॉवर फॅक्टर ०.७ धरला तर लाइटवरून सुमारे साडेनऊ केव्हीए, २३० व्होल्टला ४० अँपिअर. १६ अँपिअरच्या सॉकेटवर हे मशीन ९०-१०० अँपिअरच्या पुढे सलग चालू शकत नाही, त्यावर कितीही मोठा आकडा छापलेला असो. आर्गनवर व्होल्ट कमी लागतात (२०० ला १८ व्होल्ट), तिथे थोडं पुढे जाता येतं, पण पूर्ण २०० ला तेही सॉकेट पुरत नाही.

वर दीड चौरस मिमीची ३० मीटर एक्स्टेन्शन लावली तर २५ अँपिअरला १८ व्होल्ट वायरमध्येच जातात. आधीच २०० व्होल्ट येणाऱ्या गावात मशीन अंडरव्होल्टेज दाखवून बंद पडतं आणि दुरुस्तीला जातं, तिथे अर्थातच नीट चालतं. ४ चौरस मिमी वापरा. जनरेटरवर चालवायचं तर मशीनच्या केव्हीएच्या दीडपट धरा.

ड्यूटी सायकल मशीनच्या मागच्या पट्टीवर "एक्स" या अक्षरासमोर असते. दहा मिनिटांपैकी किती मिनिटं, असा तो टक्का. सलग किती अँपिअर मिळतील ते काढायला टक्क्याचं वर्गमूळ घ्या: २०० अँपिअर ६० टक्के म्हणजे सलग १५५, २०० अँपिअर ३५ टक्के म्हणजे सलग ११८. दोन्हींवर पुढे "२००" च छापलेलं असतं. शिवाय हा आकडा ४० अंश तापमानाचा आहे की २५ चा हेही पट्टीवर वाचा. चंद्रपूर किंवा अकोल्याच्या मे महिन्यात पत्र्याच्या शेडमध्ये २५ अंशांवर मोजलेली ड्यूटी सायकल विसरा. थर्मल लाइट (मशीन तापल्याचा दिवा) लागला की मशीन बंद करू नका, पंखा चालू राहू द्या. महिन्या-दोन महिन्यांनी प्लग काढून कोरड्या हवेने आतली ग्राइंडरची धूळ उडवा. ती लोखंडी असते आणि बोर्डावर शॉर्ट करते.

मग कोणतं मशीन

फक्त एसएसचा पत्रा, पाइप, रेलिंग: २०० अँपिअर डीसी आर्गन, पल्स आणि हाय फ्रीक्वेन्सी स्टार्टसह, ज्यावर ५-१० अँपिअरला आर्क स्थिर राहतो. वरच्या आकड्यापेक्षा खालचा आकडा इथे मोलाचा.

ॲल्युमिनियम अधूनमधून येत असेल तर सुरुवातीलाच एसी/डीसी घ्या. नंतर वेगळं घेण्यात दोन मशीनं आणि दोन टॉर्च सांभाळाव्या लागतात. महिन्यातून एखादंच काम असेल तर मात्र ते बाहेरून करून घेणं परवडतं.

शाफ्ट, क्रशर, साखर कारखान्यातली दुरुस्ती: थ्री फेज डीसी, ४०० अँपिअर ६० टक्के, आणि उरलेल्या पैशात रॉडचा ओव्हन. ओव्हनशिवाय ते मशीन अर्धंच आहे.

एसएसच्या टाक्या, चेसिस, लांब सरळ जोड: सीओटू मशीन, पण गॅस किंवा फ्लक्स कोअर वायरची सोय आधी लावून.

घेताना आपल्या मालाचे तुकडे, आपला फिलर आणि क्लॅम्प मीटर घेऊन जा. क्लॅम्प मीटर डीसी मोजणारा हवा. किमान करंटवर आर्क एक मिनिट टिकतो का बघा. ८० टक्क्यांवर दहा मिनिटं चालवा आणि डिस्प्लेवरचा आकडा मीटरशी जुळतो का पाहा. एसी मोडवर ॲल्युमिनियमचं डबकं आरशासारखं स्वच्छ होतं का ते स्वतःच्या वेल्डिंगच्या हेल्मेटमधून बघा. आणि झाकण उघडून बोर्ड दाखवायला सांगा: आयजीबीटीचे (करंट चालवणाऱ्या मुख्य भागांचे) नंबर खरवडून काढलेले असतील तर तो बोर्ड गेल्यावर तुमच्या तालुक्यातला कोणताही मेकॅनिक तो दुरुस्त करू शकणार नाही.